सर्वांत स्वस्त क्वार्टरविषयी: गोवा सरकार आणि विधानसभेला एका माजी दारूविक्रेत्याचं खुलं पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री, माननीय आरोग्यमंत्री आणि गोवा विधानसभेचे सर्व ४० सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी २१ वर्षं दारू विकली. डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यात आमचा बार होता. पुढे किराणा, मागे चार टेबलं, काउंटरखाली बर्फाची पेटी. लायसन्स आधी वडिलांच्या नावावर होतं, नंतर माझ्या. त्या धंद्यावर मी दोन मुलं शिकवली आणि घरावर स्लॅब घातला. त्यामुळे हे पत्र दारूबंदीवाल्याचं नाही. गोव्यात दारूबंदी व्हावी असं मला वाटत नाही, आणि ती होणारही नाही. पण काउंटरच्या आत उभं राहून जे पाहिलं ते आता मनात ठेवून बसवत नाही, म्हणून लिहितो आहे.

माझं मागणं आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. गोव्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक दारूला, तिच्यात शुद्ध मद्यार्क किती आहे त्या प्रमाणात, कायद्याने एक किमान विक्री किंमत ठरवून द्या. एमआरपी हा वरचा आकडा झाला; त्याहून जास्त कुणी घेऊ नये यासाठी. मला खालचा आकडा हवा आहे. त्याच्याखाली कुठल्याही दुकानात, बारमध्ये, हॉटेलात दारू विकता येऊ नये.

हे का, ते एका गिऱ्हाइकावरून सांगतो. त्याचं नाव लिहीत नाही. त्याची माणसं गावातच आहेत.

तो ट्रकवाला. बँकेचं कर्ज काढून त्याने स्वतःचा ट्रक घेतला होता. तेव्हा तो शनिवारी संध्याकाळी यायचा, थंड बियर घ्यायचा, सोबत तळलेले बांगडे. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारात उभे राहिले. त्याचाही राहिला. बियर परवडेना म्हणून तो व्हिस्कीच्या क्वार्टरवर आला, कारण तेवढ्याच पैशात जास्त चढते. मग त्या व्हिस्कीपेक्षा स्वस्त व्हिस्कीवर. मग रमवर. शेवटी तो नाव विचारीनासाच झाला. सकाळी दूध-पावासाठी मी शटर वर करत असे, तेव्हा तो पायरीवर बसलेला असायचा. तळहातावर मोजून आणलेली नाणी. म्हणायचा, "भाऊ, सवाय आसा ती दी." स्वस्त असेल ती दे. हात इतका थरथरायचा की ग्लासात मीच ओतून द्यायचो. त्याने ओतली तर निम्मी काउंटरवर जायची. दोन घोट घशाखाली गेले की हात थांबायचा. मग तो माझ्याकडे बघून बोलायला लागायचा. पाऊस, काजूचा मोहोर, खाणी कधी सुरू होणार. २०१८मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हा त्याने तो विषयही सोडला.

त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. दोनदा पोटातलं पाणी काढलं. तिसऱ्यांदा तो घरी आला नाही. वय ४४.

बाराव्यानंतर त्याची बायको दुकानात आली आणि उधारी किती ते विचारलं. मी वही काढली. ३४० रुपये निघाले. तिने पदराच्या गाठीतून काढून दिले आणि मी ते घेतले. दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेलो, तिने घेतले नाहीत. त्यानंतर सव्वा वर्षाने मी लायसन्स परत केलं. एवढा वेळ का लागला याचं उत्तर माझ्याकडे नाही.

या माणसात मी जे पाहिलं, ते पुढे माझ्या वहीत डझनभर माणसांच्या पानांवर दिसलं. भाव वाढला की रोज पिणारा कमी पीत नाही, तो एक पायरी खाली उतरतो. तुम्ही अबकारी कर वाढवता तेव्हा वरच्या सगळ्या पायऱ्या महाग होतात. पण तळाची पायरी जागेवर राहते किंवा ती कंपनी आणि दुकानदार मिळून राखतात. कारण खप तिथे आहे, आणि दोन रुपये नफा कमी घेऊनही तो धंदा परवडतो. मी स्वतः ते केलं आहे. कर वाढला त्या वर्षी घाऊकवाल्याने मला स्कीम, म्हणजे मालावर सूट, दिली आणि माझी सर्वांत स्वस्त क्वार्टर जुन्याच भावात राहिली. किमान किंमत त्या शेवटच्या पायरीवर लागते. कर तिथे पोहोचेलच असं नाही, हा दोन्हींतला फरक आहे.

आता तक्रारी.

आमच्या सभागृहात दारूची चर्चा महसुलाची होते. अबकारीने किती कोटी दिले, उद्दिष्ट गाठलं की नाही, लायसन्सची फी किती वाढवली. ती दारू प्यायलेल्या माणसाची चर्चा आरोग्य खात्याच्या मागण्यांच्या वेळी व्हायची असेल तर तीही होताना मी ऐकली नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे ३७ टक्के दारू पितात असं आलं. देशाचं प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास आहे. बायकांचं प्रमाण देशात एक टक्क्याच्या जरा वर, गोव्यात साडेपाच. हे सरकारचेच आकडे आहेत. मद्य हा विषय घटनेने राज्याकडे दिला आहे आणि माणसाला प्यायची ती दारू जीएसटीतही नाही. म्हणजे दिल्लीकडे बोट दाखवायला जागा नाही. यात जे करायचं ते याच ४० जणांनी करायचं आहे.

दुसरं, आपण दारूची किंमत बाटलीवर आणि ब्रँडवर मोजतो, तिच्यातल्या मद्यार्कावर नाही. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. पाच टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बियरमध्ये साधारण २६ ग्रॅम. यकृताला लेबल वाचता येत नाही, त्याला ग्रॅम कळतात. आणि ग्रॅमच्या हिशेबाने आज गोव्यात सर्वांत स्वस्त काय आहे ते कुठल्याही दुकानात जाऊन बघा: ती कारखान्यातली, रंग घातलेली, प्लास्टिकच्या बाटलीतली क्वार्टर आहे. एका फिश थाळीच्या पैशात दोन येतात आणि वर चणे.

तिसरी तक्रार सवलतींची. रस्त्याकडेला "होलसेल दरात" असे फलक, एमआरपीच्या खाली विक्री, पबमध्ये ठरावीक रात्री बायकांना फुकट दारू, कॅसिनोच्या पॅकेजमध्ये हवी तितकी. जी वस्तू जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८मध्येच पहिल्या गटातली कर्ककारक म्हणून नोंदवली, ती आपल्याकडे प्रवेशाच्या तिकिटासोबत अमर्याद मिळते. दिल्लीत २०२१च्या नव्या मद्य धोरणानंतर दुकानांनी एकावर एक फुकट द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारला सवलती थांबवाव्या लागल्या. गर्दी रस्त्यावर आल्यावर ते सुचलं. इथे गर्दी बागा-कळंगुटच्या किनाऱ्यावर रोजच आहे, आपल्याला ती दिसेनाशी झाली आहे इतकंच.

किमान किंमत ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. स्कॉटलंडने, जिथे व्हिस्की हा राष्ट्रीय अभिमान आहे आणि मोठा उद्योगही, २०१२मध्ये हा कायदा केला. व्हिस्की उद्योगाच्या संघटनेने तो कोर्टात नेला. पाच वर्षं खटला चालला आणि नोव्हेंबर २०१७मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १ मे २०१८पासून आठ ग्रॅम मद्यार्कामागे किमान ५० पेन्स असा दर लागू झाला. पुढे वेल्सने २०२०मध्ये तेच केलं. आयर्लंडने जानेवारी २०२२पासून एका ग्रॅममागे दहा सेंट ठेवले. स्कॉटलंडच्या कायद्यात एक कलम मला फार आवडलं: सहा वर्षांनी पार्लमेंटने पुन्हा मंजूर केला नाही तर तो आपोआप संपणार होता. म्हणजे आधी मोजा, मग ठेवा. त्यांनी मोजलं. २०२३मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, थेट दारूमुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले, आणि सर्वांत जास्त फायदा गरीब वस्त्यांत दिसला. एप्रिल २०२४मध्ये पार्लमेंटने कायदा चालू ठेवला आणि सप्टेंबरपासून दर ६५ पेन्सवर नेला.

यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी दुकानदारासारखंच बोललो असं होईल. कोविडच्या काळात तिथले मृत्यूंचे आकडे पुन्हा चढले. पक्क्या व्यसनी माणसांचं पिणं नुसत्या किमतीने कमी झालं असं दिसलं नाही. काहींनी जेवणातून पैसे काढून दारू घेतली. हे वाचलं तेव्हा मला त्या पदराच्या गाठीतले पैसे आठवले. आपल्याकडे असं झालं तर पैसा त्याच्या जेवणातून जाणार नाही, काजू कारखान्यात कामाला जाणाऱ्या त्याच्या बायकोच्या मजुरीतून जाईल. म्हणून मी एकटी किमान किंमत मागत नाही. तिच्यासोबत उपचार मागतो, आणि उपचार आधी.

त्यासाठी लांब जायची गरज नाही. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेने जास्त पिणाऱ्या पुरुषांना समुपदेशन देऊन पाहिलं. डॉक्टर नव्हेत, गावातलीच शिकवून तयार केलेली माणसं, जास्तीत जास्त चार बैठका. २०१७मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्येच छापून आले: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते, न मिळालेल्यांत २६ टक्के. जगभर ज्याचा उल्लेख होतो तो प्रयोग आमच्या आरोग्य केंद्रांत झाला, आणि त्या ट्रकवाल्याला पोट फुगेपर्यंत कुणी एक बैठक दिली नाही. त्याला काय झालं आहे हे सर्वांत आधी मला कळलं होतं. मी दारू विकणारा होतो.

आता जे आक्षेप येणार आहेत त्यांच्याविषयी. धंद्यात होतो म्हणून ते कुठल्या शब्दांत येतील तेही ठाऊक आहे.

"फेणी मरेल, गोव्याची संस्कृती मरेल." काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. माझा मामा फेब्रुवारी ते मे भट्टीवर असायचा. बोंडं मळायची, रस आंबवायचा, पहिल्या धारेचा हुर्राक, मग पुन्हा भट्टी लावून फेणी. इतक्या मेहनतीची वस्तू त्या रंगीत स्पिरिटच्या भावात कधीच देता येत नाही. फेणीचं गिऱ्हाईक तोडलं ते स्वस्त क्वार्टरने. आणि जो फेणीत स्पिरिट मिसळून विकतो त्याला तरी ते का करावं लागतं? खालून भावाची स्पर्धा आहे म्हणून. भट्टीवाल्यांना समोर बसवून विचारा, किमान किंमत त्यांना नको आहे का.

"पर्यटक जातील." गोव्यात येणारा पर्यटक ज्या दारूला हात लावतो ती या मर्यादेच्या वरच असते. हिशेब करून दाखवतो. समजा एका ग्रॅम मद्यार्काला दीड रुपया अशी मर्यादा ठेवली. हा आकडा मी उदाहरण म्हणून घेतला आहे, खरा आकडा तज्ज्ञांनी काढावा. तर ६५० मिलीची साधी बियर ३८-३९ रुपयांच्या खाली विकता येणार नाही. ती आजही तशी मिळत नाही, म्हणजे बियरला धक्का नाही. ४२.८ टक्क्यांच्या ७५० मिलीच्या बाटलीला ३८० रुपयांचा तळ येईल. आणि क्वार्टरला सुमारे ९१ रुपयांचा. फरक पडेल तो सर्वांत खालच्या दोन-चार ब्रँडांना.

"तस्करी वाढेल." हा आक्षेप स्कॉटलंडला लागू होता, कारण शेजारच्या इंग्लंडमध्ये दारू स्वस्त राहिली. आपली परिस्थिती उलटी आहे. महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या पत्रादेवी आणि दोडामार्गवरून माल गोव्यातून बाहेर जातो, आत येत नाही. महाराष्ट्राने तर जून २०२५मध्येच १८० मिलीच्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची किमान किरकोळ किंमत २०५ रुपये आणि देशीची ८० रुपये ठरवली. त्यांनी ते महसुलासाठी केलं, आरोग्यासाठी नाही. पण किमान किंमत भारतात ठरवता येते हे त्यातून दिसलं. आपण तळ उचलला तर बांद्याच्या नाक्यावर पकडल्या जाणाऱ्या मालाचा नफाच कमी होईल. मोले आणि पोळेच्या बाजूला कर्नाटकातल्या भावांकडे बघून आकडा ठरवावा लागेल, एवढं मान्य.

"गरिबावर बोजा." हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो आणि यावर मी रात्री जागून विचार केला आहे. रोज एक क्वार्टर पिणाऱ्या माणसाचा खर्च वाढेल, हे खरं. पण आज जो बोजा आहे तो गरिबावर नाही तर कुणावर आहे? पगार असलेल्या, जेवून पिणाऱ्या माणसांत ४४व्या वर्षी गेलेली माझ्या वहीत फारशी नाहीत. स्वस्त दारू ही गरिबाला दिलेली सवलत आहे असं मीही २१ वर्षं मानत होतो.

म्हणून या मागण्या करतो:

१. शुद्ध मद्यार्काच्या ग्रॅमवर आधारित किमान विक्री किंमतीसाठी विधानसभेत विधेयक आणा. नुसती अधिसूचना नको, ती एका सहीने मागे घेता येते.

२. किंमत वाढल्यावर मधला पैसा दुकानदाराच्या आणि कंपनीच्या गल्ल्यात जाता कामा नये. तो तसाच जातो. स्कॉटलंडच्या कायद्यावरची मोठी टीकाही हीच आहे. खालच्या टप्प्यातला अबकारी कर त्याच दिवशी वाढवा आणि तो वाढीव पैसा वेगळ्या खात्यात ठेवून फक्त व्यसनोपचारावर खर्च करा.

३. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दारूसाठी प्रशिक्षित समुपदेशक नेमा, आणि किंमत लागू होण्याच्या निदान सहा महिने आधी. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर काय होतं ते मी ड्राय डेला पाहिलं आहे. आमच्या पायरीवर एक माणूस झटका येऊन पडला होता, तोंडाला फेस, आणि आम्हाला वाटलं अंगात आलं. आरोग्यसेविकांना आणि बारवाल्यांनाही ही लक्षणं शिकवा.

४. एकावर एक, फुकट पेय, अमर्याद पेय, एमआरपीवर सूट हे सगळं बंद करा. कॅसिनोंना आणि पबना वेगळा नियम नको.

५. लेबलवर टक्क्यांसोबत मद्यार्काचे ग्रॅम छापायला लावा, मराठीत आणि कोंकणीत.

६. पाच वर्षांनी कायदा पुन्हा सभागृहात यावा अशी तरतूद करा. यकृताच्या आजाराने झालेले मृत्यू, इस्पितळातल्या भरती आणि दारू पिऊन झालेले अपघात यांची नोंद आजपासूनच तालुकावार ठेवायला लागा. आज मोजलं नाही तर पाच वर्षांनी फरक कुणालाच दाखवता येणार नाही.

ही कामं एका अधिवेशनात होणार नाहीत. पण आरोग्य, अबकारी, भट्टीवाले आणि विक्रेते यांची एक समिती येत्या अधिवेशनात नेमता येते, आणि तिला सहा महिन्यांची मुदत देता येते. निदान तेवढं करा.

माझ्याकडे दुकानाच्या २१ वर्षांच्या वह्या आहेत. रोजची विक्री, ब्रँडवार, भाव वाढला त्या आठवड्यात काय खपायला लागलं त्यासकट. उधारीच्या पानांवरची नावं झाकून मी त्या समितीसमोर ठेवायला तयार आहे. बोलवा, मी पणजीला येईन.

आपला नम्र,
डिचोली तालुक्यातला एक माजी मद्यविक्रेता